कामावर माणूस गेला किंवा कामाच्या धुळीने छातीच्या आजारात गेला, तर नवीन माणसाने कुठून सुरुवात करायची

मागच्या महिन्यात यावल तालुक्यातल्या एका पोराचा रात्री मेसेज आला, दादा आमच्या गावात जिनिंगवर काल एक माणूस वारला, सगळे म्हणतात त्याचीच चूक होती, मी आता काय करू. मी त्याला फोनवर तासभर सांगत बसलो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात असे फोन कोणाला ना कोणाला येतातच. तू नवीन सेफ्टी सुपरवायझर असशील, युनियनचं काम करत असशील, आशाताई असशील, नाहीतर नुसता गावातला शिकलेला पोरगा असशील म्हणून लोक तुला पुढे करत असतील, तुझ्यासाठीच आहे हे.

मी स्वतः आठ सीझन जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, फिटर होतो. वडीलही जिनिंगलाच होते. त्यांची गोष्ट पुढे येईल.

आधी एवढं डोक्यात ठेव की आपल्याकडे कामावरचं मरण दोन प्रकारचं असतं. एक दिसतं. मशीनमध्ये ओढला गेला, विहिरीत गुदमरला, शॉक लागला, स्फोट झाला. शिरपूरजवळ वाघाडीला ३१ ऑगस्ट २०१९ ला केमिकल कारखान्यात स्फोट झाला, दहापेक्षा जास्त जीव गेले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दुसरं मरण दिसतच नाही. माणूस दहा-पंधरा वर्षं धूळ खातो, मग दम लागतो, मग टीबीच्या गोळ्या चालू होतात, मग घरीच खाटेवर जातो, आणि त्याची कामावरचा मृत्यू म्हणून कुठेच नोंद होत नाही. दोन्हीचा शोध घ्यायची पद्धत वेगळी आहे, पण सुरुवात एकाच प्रश्नाने होते, हा माणूस नेमकं काय काम करायचा? इटलीत रामाझिनी नावाचा डॉक्टर होता, त्याने १७०० सालीच सांगून ठेवलंय की पेशंटला बाकी सगळं विचारता तसं त्याचा धंदाही विचारा. आपल्या ओपीडीत आजही बहुतेक ठिकाणी केसपेपरवर नाव, वय, गाव असतं, आणि काम म्हणून लिहिलेलं असतं मजूर. झालं. खडी फोडायच्या क्रशरवरचा मजूर, केळीच्या बागेतला मजूर की मिरचीच्या पथारीवरचा, काही कळत नाही.

पहिलं काम: तू दुसरा बळी होऊ नको

विहीर, टाकी, सेप्टिक टँक, धान्याची कोठी, इथे एक पडला की वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. दोन सख्खे भाऊ असे गेलेले मी एका गावात पाहिलेत, पाच-सात मिनिटांचा खेळ होता सगळा. विहिरीत पाणी उपसायला डिझेल इंजिन खाली उतरवून चालू केलं की कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला वास नाही रंग नाही. उतरायच्या आधी दोरीला कंदील किंवा मेणबत्ती बांधून सोडतात, त्याच्यावर अजिबात भरवसा ठेवू नको. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात, मेणबत्ती मात्र १६-१७ टक्क्यांपर्यंत जळतच राहते, कार्बन मोनॉक्साईड तर तिला कळतच नाही, आणि खाली पेट घेणारा गॅस असला तर भडका होतो तो वेगळाच. सेप्टिक टँकमधल्या गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो खरा पण गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं लोकांना वाटतं आणि तिथेच घात होतो.

म्हणून दोरी, कमरपट्टा, वरून खेचणारी माणसं आणि गॅस मीटर असल्याशिवाय कोणालाच उतरू द्यायचं नाही. ११२ ला फोन, १०८ ला फोन. आई रडत असते, लोक शिव्या देतात, काय माणसं आहात म्हणतात, तरी नाही उतरू द्यायचं. हे सांगायला सोपं आहे, तिथे उभं राहून करायला फार जड जातं, मला माहितीये. शॉकची केस असली तर मेन स्विच बंद झाला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ, कोणीतरी ओरडून बंद केलं रे म्हणाला तेवढ्यावर जाऊ नको.

दुसरं: संध्याकाळ व्हायच्या आत फोटो

माझ्या पहिल्या केसमध्ये मी हे केलं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पट्ट्यात हात जाऊन माणूस ओढला गेला होता, पट्ट्यावर जाळी नव्हती, मी स्वतः पाहिलं होतं. आधी दवाखाना, घरचे लोक, गाडीची सोय यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर जाळी बसवलेली, वर ताजा रंग. माझ्याकडे एकही फोटो नव्हता. त्याच्या बायकोला नंतर जे भोगावं लागलं त्यातलं निम्मं त्या एका फोटोने टळलं असतं.

तर फोटो असे काढ. आधी लांबून, पूर्ण शेड येईल असे चारही बाजूंनी. मग जवळून, आणि जवळच्या फोटोत बाजूला पेन किंवा दहाचं नाणं ठेव म्हणजे माप कळतं. स्टार्टर कुठे आहे, तो मशीनपासून किती पावलं लांब आहे, बंद करायचं बटण माणसाच्या हाताला पोचत होतं का. जाळी आहे का, नसेल तर नटबोल्टची भोकं गंजलेली आहेत का बघ, गंज असला म्हणजे जाळी बऱ्याच दिवसांपासून नव्हती, हा फार मोठा पुरावा आहे आणि तो कोणी बघतच नाही. उजेड किती होता, जमीन ओली होती का, तेल सांडलं होतं का. हजेरी रजिस्टर, ठेकेदाराची वही, मजुरीची व्हाउचरं दिसली तर त्या पानांचेही फोटो. आणि हे सगळं लगेच दुसऱ्या दोन माणसांना पाठवून ठेव, कारण फोन हरवतात, कधी कधी हिसकावूनही घेतात.

कशालाही हात लावायचा नाही, वस्तू हलवायची नाही, पंचनामा पोलिसांचं काम आहे, त्यांच्या आड यायचं नाही. पण पंचनाम्याला पंच म्हणून कोण उभं राहतंय ते बघ. गेटवरचाच वॉचमन आणि मालकाचा ड्रायव्हर असे दोन पंच असले तर घरच्यांपैकी कोणीतरी शांतपणे सांगायचं, साहेब बाहेरचा एक माणूस घ्या.

तिसरं: कागद, आणि पोस्टमॉर्टमच्या आधी डॉक्टरला भेट

पोलीस आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करतात, सगळे एडी म्हणतात त्याला. तो एडी नंबर आणि तारीख लिहून घे. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, त्यात हा तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतो, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचं दिसलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. एडी म्हणजे शेवट नाही, पुरावा दिला तर पुढे गुन्हा दाखल होतो, म्हणून तर ते फोटो.

पोस्टमॉर्टमच्या आधी डॉक्टरांना दोन मिनिटं भेटून सांगायचं की हा माणूस कुठे, काय काम करत होता आणि काय झालं. हे कोणी करत नाही. मग रिपोर्टमध्ये येतं की हृदय आणि श्वास बंद पडल्याने मृत्यू. अरे भाऊ, हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच बंद पडतो मरताना, ते मरणाचं कारण झालं का? ते का बंद पडलं, ते पाहिजे. गॅसचा संशय असेल तर रक्त आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगायचं, जुना छातीचा आजार असेल तर फुप्फुसाचा तुकडा तपासणीला पाठवायची विनंती करायची, लेखी द्यायची, पोच घ्यायची. त्या वेळी घरच्यांना यातलं काहीच सुचत नसतं, म्हणून तू तिथे पाहिजेस.

कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे ज्याला लोक फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात, तिथे कळवणं मालकाची जबाबदारी आहे. पण मालकाने कळवलंच असेल असं धरून बसू नको, एक साधा अर्ज तूही दे. बांधकाम असेल तर सहायक कामगार आयुक्त कार्यालय. दगडखाण असेल तर केंद्राचं खाण सुरक्षेचं खातं वेगळं आहे. इथे एक बदल झालाय तो लक्षात ठेव, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, जुना १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट आणि १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आता त्यात गेले. ऑफिसात कोणी तुझा अर्ज जुन्या कायद्याचं नाव घातलंय म्हणून परत करू लागला तर घाबरायचं नाही, वरचं नाव बदलून परत द्यायचा.

चौथं: लोकांशी बोलणं

इथे घाई करणारा माणूस फसतो. सोबतच्या मजुरांना मालकाच्या केबिनमध्ये किंवा गेटवर विचारलं तर एकच उत्तर येतं, आम्ही तिकडे नव्हतो. त्यांच्या घरी जा, संध्याकाळी जा, एकेकट्याला भेट. पहिला प्रश्न कधीच चूक कोणाची असा नसावा. विचार की रोज हे काम कसं करता, सकाळी आल्यापासून सांगा. माणूस रोजचं सांगायला लागला की त्यातच सगळं बाहेर येतं. एका मावशीने मला असंच सांगितलं होतं, रोजच हाताने काढतो ना कचरा, मशीन बंद केलं तर मुकादम ओरडतो. या एका वाक्यावर पुढची पूर्ण केस उभी राहिली.

भाषा बघ. अहिराणी बोलणाऱ्याशी अहिराणीतच बोल, दम लागस का, कितला वरीसपासून, असं विचारलं की माणूस मोकळा होतो. सातपुड्यातले पावरा, भिल्ल मजूर असतील तर त्यांच्यातलाच एक समजदार पोरगा सोबत घे, मुकादमाला दुभाषी म्हणून अजिबात घेऊ नको. बायकांशी बोलायला बाई असलेली बरी. आणि जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिही, तुझ्या शुद्ध भाषेत नको, तारीख वेळ टाक, वाचून दाखव.

पाचवं: का, का, आणि परत का

आता समजा जिनिंगमध्ये माणसाचा हात पट्ट्यात गेला. का गेला? अडकलेला कापूस हाताने काढत होता. मशीन चालू असताना का काढत होता? कारण बंद करून परत चालू करायला वेळ जातो आणि मजुरी गाठींवर आहे. जाळी का नव्हती? कारण कापूस दिवसातून दहा वेळा अडकतो आणि जाळी काढायला प्रत्येक वेळी पाना लागतो, म्हणून सीझनच्या सुरुवातीलाच कोणीतरी काढून ठेवली. कापूस एवढा अडकतो का? ओला कापूस येतोय आणि पट्टा ढिला आहे, फिटरने दोनदा सांगितलं होतं. मग पट्टा बदलला का नाही? सीझन चालू आहे, नंतर बघू.

बघ, आता कुठे पोचलो आपण. पहिल्याच का वर थांबलो असतो तर रिपोर्टमध्ये आलं असतं, मजुराच्या निष्काळजीपणामुळे. मी आतापर्यंत जेवढे अंतर्गत रिपोर्ट पाहिले त्यातले बहुतेक इथेच थांबलेले आहेत. माणूस चुकतोच, थकतो, रात्रपाळीला डुलकी लागते, घरी पोरगं आजारी असतं. प्रश्न हा पाहिजे की एका साध्या चुकीला मरणाची शिक्षा मिळेल अशी ती जागा कोणी आणि का ठेवली होती. हे मी नवीन पोरांना परत परत सांगतो, कारण दबाव येतो तो नेमका इथेच येतो.

आता छातीचं

वडील जिनिंगमध्ये होते ते सांगितलंच. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कामावरून आले की रात्री ते आडवे होऊ शकायचे नाहीत, भिंतीला उशी लावून बसायचे, छाती आवळल्यासारखी होते म्हणायचे. त्याच्या पुढच्या दिवशी जरा बरं, मग अजून बरं. आई म्हणायची बाजारात काहीतरी तेलकट खाल्लं असेल. कितीतरी वर्षांनी मला कळलं की कापसाच्या धुळीच्या आजाराची हीच खूण आहे, बिसिनोसिस म्हणतात त्याला, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त आणि मग आठवडाभर उतरत जातो. पुस्तकात सोमवारचा त्रास असं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे सोमवार विचारून उपयोग नाही, विचारायचं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कसं वाटतं, आणि दिवाळीनंतर सीझन सुरू झाला तेव्हा पहिल्या आठवड्यात कसं होतं. सुरुवातीला काम सोडलं की माणूस बरा होतो. वर्षानुवर्षं चालू राहिलं की मग सुट्टी असो नसो दम लागतच राहतो, तेव्हा उशीर झालेला असतो. सूतगिरणीत, खास करून जिथे कापूस पिंजतात त्या कार्डिंगच्या खात्यात हे जास्त असतं, जिनिंगमध्ये त्या मानाने कमी, पण आहे.

दुसरा आजार सिलिकोसिस, आणि तो याहून वाईट कारण त्याला बरं करणारं औषध नाही. दगडाच्या धुळीतले सिलिकाचे कण एवढे बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत, ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तिथे गाठी होतात. साधारण दहा वर्षांच्या पुढे दिसतो, पण धूळ भयंकर असेल तर काही महिन्यांतसुद्धा माणूस संपतो. गुजरातमध्ये गोध्रा भागातल्या क्वार्ट्झ, म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका असलेला गारेचा दगड, दळायच्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी मजूर असेच गेले. अलिराजपूर म्हणजे आपल्या धडगावच्या समोर, नर्मदेच्या पलीकडे. तिथल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्या असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली सांगितलं आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते द्यायला लावलं. ते कशाच्या जोरावर? लोकांनी गावोगाव जाऊन याद्या केल्या होत्या, कोण कुठे किती महिने होता, एक्सरे, मृत्यूच्या तारखा. हीच चौकशी, जी तू करणार आहेस.

आपल्या खडी क्रशरचा दगड काळा पाषाण, बेसॉल्ट. त्यात मोकळा क्वार्ट्झ ग्रॅनाइट किंवा गारेपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे प्रत्येक क्रशरवाल्याला सिलिकोसिसच झालाय असं आधीच ठरवू नको. पण धूळ ती धूळच, दमा आणि जुनाट खोकला होतोच. माणूस आधी कुठे होता ते विचार. गुजरातला गेला होता का, टाइल्स-ग्रॅनाइट कापायचं काम केलं का, फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात होता का, सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायचं काम केलं का. किचन ओट्याचा जो कृत्रिम दगड येतो त्यातल्या काहींमध्ये ९० टक्क्यांपर्यंत सिलिका असतो आणि पोरं तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ग्राइंडरने तो कापतात.

कामाचा इतिहास घेताना पहिल्या नोकरीपासून सुरू कर, आताच्या नाही. वय चौदाला कुठे, मग कुठे, किती महिने, काय काम, धूळ किती होती, पाणी मारायचे का, सोबत कोण होतं, त्यांच्यापैकी आता कोण हयात आहे. हा शेवटचा प्रश्न विचारला की कधी कधी घरात एकदम शांतता होते. धडगावकडच्या एका भाऊंनी मला बोटांवर मोजून दाखवलं होतं, सोबत गेलेले नऊ, राहिलेले तीन.

टीबीचा घोळ नीट समजून घे. सिलिकोसिस आणि टीबी एक्सरेवर नवशिक्याला सारखेच वाटतात, आणि सिलिकोसिस असणाऱ्याला टीबी होण्याचा धोका खूप जास्त असतो, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून टीबीच्या गोळ्या बंद करा असं तू कधीही कोणाला सांगायचं नाही. फक्त हे बघ की थुंकीत जंतू खरंच सापडले होते का, का नुसत्या एक्सरेवर कोर्स चालू केला, आणि दोन-तीन कोर्स होऊनही दम तसाच आहे का. तसं असेल तर सगळ्या जुन्या फिल्म घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या छाती विभागात न्यायचं आणि डॉक्टरांना कामाचा इतिहास लिहिलेला कागद हातात द्यायचा. धुळीच्या आजाराचा एक्सरे वाचायची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची ठरलेली पद्धत आहे, त्या पद्धतीने वाचून द्या असं लेखी मागता येतं. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था, अवघड केस तिकडच्या तज्ज्ञांना दाखवता येते. सोबत फुंकर मारायची टेस्ट, स्पायरोमेट्री, करायचीच. कापसाच्या धुळीचा संशय असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर जायच्या आधी एकदा आणि सुटल्यावर एकदा, अशी दोनदा. फरक दिसला की तो कागद बोलतो.

आणि एक, सिलिकोसिस आणि बिसिनोसिस हे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहेत. डॉक्टरने निदान केलं की सरकारला कळवायचं असतं. बऱ्याच डॉक्टरांना हे माहीतच नसतं, नम्रपणे सांगायचं, भांडायचं नाही, त्यांची गरज आपल्याला परत लागणार आहे.

पैशाचं

माणूस परत येत नाही पण मागच्यांचं घर चालायला पाहिजे. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू असेल तर तिकडून वारसांना सरासरी पगाराच्या ९० टक्के दराने पेन्शन बसते. नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई, आणि तिचा हिशोब असा की मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे अर्धे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा १८४.१७ आहे. पगार १२,००० असेल तर ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११ लाख ५ हजारांच्या वर. आता बघ, घरी येऊन दोन लाख देतो आणि इथे सही करा म्हणणारे लोक काय करत असतात ते. मृत्यूच्या केसमध्ये भरपाईची रक्कम मालकाने सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते, परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही, आणि हक्क सोडला अशा स्टॅम्पपेपरला किंमत नाही. हे त्या घरी तेराव्याच्या आधी पोचलं पाहिजे, कारण सह्या तेव्हाच घेतात. धुळीचे आजारही भरपाईच्या यादीत आहेत, फक्त अपघातच नाही. ठेकेदार पळाला तर मूळ मालक जबाबदार. आणि दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, तारीख वहीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल तर कामावर मृत्यू झाल्यास ५ लाख मिळतात. शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेत २ लाख आहेत, तिथे मुदत कमी असते, कृषी कार्यालयात लगेच जा. गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये मृत्यू झाला तर २० ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे ३० लाख.

पुढचा मरू नये म्हणून

मालकाला भेटशील तेव्हा तो पहिल्यांदा मास्कचा बॉक्स दाखवेल. मास्क हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे. आधी धूळ होऊच नये हे बघायचं. क्रशरवर जबड्यापाशी, चाळणीपाशी आणि पट्टा जिथे खडी टाकतो तिथे पाण्याचे फवारे, चाळणीवर आणि पट्ट्यावर पत्र्याचं झाकण. टाइल कापताना पाणी चालू. कोरडा झाडू बंद. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची सवय तर कायमची बंद, ती धूळ सरळ नाकात जाते. जिनिंगमध्ये जिथे कापूस उडतो तिथेच ओढून घेणारा सक्शन, नुसता भिंतीवरचा पंखा धूळ फिरवत बसतो. हे सगळं करून जे उरेल त्याच्यासाठी एन-९५, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असेल तर बाजूने हवा शिरते. रुमाल, उपरणं, ओढणी याने जाडी धूळ अडते, मारणारी बारीक धूळ नाही अडत. मजुरांना हे प्रेमाने सांगायचं, त्यांना खरंच वाटत असतं की तोंड बांधलं म्हणजे झालं.

मशीनसाठी एकच नियम पाळला तरी कितीतरी हात वाचतील. ज्याचा हात आत, चावी त्याच्या खिशात. स्टार्टरच्या पॅनलला कुलूप लावायचं, चावी दुरुस्ती करणाऱ्याकडे, दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. शंभर-दोनशे रुपयांचं कुलूप. मी फिटर असताना पॅनलवर खडूने लिहायचो, माणूस आत आहे, आणि तेवढ्यावर हात घालायचो. बायकांचा पदर, वेणी, ओढणी यासाठी अंगाला बांधायचा एप्रन आणि टोपी मालकाने द्यायची, मळणी यंत्रावर तर नक्की. जाळी अशी पाहिजे की ती बिजागरीवर उघडते आणि उघडली की मशीन बंद पडतं, म्हणजे पाना शोधायला नको आणि काढून फेकायलाही नको.

जिथे कोणाचा जीव थोडक्यात वाचला ते पण लिहून ठेवायला लाव. ओढणी अडकली पण फाटली म्हणून वाचली, अशा गोष्टी चहाच्या टपरीवर हसत सांगतात. तीच पुढच्या मरणाची आधीची चिठ्ठी असते.

आणि तीन महिन्यांनी परत जायचं. न सांगता जायचं, पाळी बदलायच्या वेळेला. जाळी जागेवर आहे का, फवाऱ्यात पाणी येतंय का का नुसती पाइपं लावलीत, कुलूप पॅनलवर आहे का ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. फोटो काढून पहिल्या फोटोंच्या शेजारी ठेवायचे, तारखेसकट. मग त्या घरी जाऊन एक चहा घ्यायचा, पोरं शाळेत जातात का विचारायचं, आणि अर्जाची पुढची तारीख कधी आहे ते त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहून यायचं.